उमेदवाराचे शील आणि पक्षाचे धोरण : दोन जुन्या निवडणुकांचा विचार

ज्ञातीच्या स्मरणिकेत राजकारणाचा विषय असावा की नसावा, याबद्दल मतभेद होण्याचा संभव आहे. वार्षिक अहवाल, देणगीदारांची नामावली, वधू-वर सूचना आणि गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे यांच्या मध्येच निवडणुकीवरचा हा लेख पाहून काही ज्ञातिबांधवांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे आम्ही जाणून आहोत. परंतु प्रत्येक निवडणुकीच्या आधी महिना-पंधरा दिवस आपल्या मंडळाच्या कार्यालयात ज्या एका प्रश्नावरून आवाज चढतात, तो प्रश्न आम्ही टाळला म्हणून टळणारा नाही. मत द्यावयाचे ते माणूस पाहून की त्याच्या पक्षाचे धोरण पाहून? आणि तो माणूस आपल्या शिंपी समाजाचा असेल तर? यंदाच्या सर्वसाधारण सभेपुढे तर 'जेथे ज्ञातीचा उमेदवार उभा असेल, तेथे मंडळाने त्याच्याच पाठीशी उभे राहावे' असा ठराव येऊ घातला आहे. त्या ठरावावर हात वर करण्यापूर्वी महाराष्ट्राच्या इतिहासातील दोन निवडणुका सभासदांनी आठवाव्यात, एवढ्यासाठीच हा प्रपंच.

प्रश्न फार जुना आहे. तामिळनाडूत कांचीपुरमजवळ उत्तरमेरूर नावाचे गाव आहे. तेथील देवळाच्या भिंतीवर चोळ राजा पहिला परांतक याच्या कारकिर्दीतील, म्हणजे इ. स. ९२० च्या सुमाराचे लेख कोरलेले आहेत. गावच्या सभेच्या समित्यांवर कोणाला घ्यावे व कोणाला घेऊ नये, याचे नियम त्यांत दिले आहेत. उमेदवाराच्या नावे कर भरणारी जमीन असावी, स्वतःच्या जागेवर त्याचे घर असावे, वय ३५ च्या वर आणि ७० च्या आत असावे, त्याचे वेदाध्ययन झालेले असावे. पूर्वी समितीवर असताना ज्याने हिशेब दिला नाही, तो अपात्र. एवढेच नव्हे, तर त्याचे जवळचे आप्तही अपात्र, आणि हे आप्त कोण कोण ते नात्यांची नावे घेऊन सांगितले आहे. हा नियम वाचताना आम्हाला दर वेळी प्रथम हसू येते आणि मग आपलीच काही उदाहरणे आठवून ते मावळते. या चाळणीतून जे उतरत, त्यांची नावे ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून एका घड्यात टाकीत आणि एखाद्या लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढीत. शीलाची परीक्षा इतकी कडक की, शेवटची निवड पोराच्या हाती सोपवली तरी चालत असे!

धोरण नावाची वस्तू त्या घड्यात नव्हती, कारण तिचे काम पडत नव्हते. तळ्यातला गाळ काढावयाचा, बागांची राखण करावयाची, यांत दोन मते असण्याचे कारण नव्हते. हेही विसरता कामा नये की, ती ब्राह्मणांच्या अग्रहाराची सभा होती. विणकराच्या वा शिंप्याच्या नावाची चिठ्ठी त्या घड्यात पडण्याची सोय नव्हती. १९५१-५२ साली २१ वर्षांवरच्या प्रत्येक स्त्रीपुरुषाला मताचा अधिकार देऊन पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा घड्याची जागा पेटीने घेतली. गाळ काढण्यापुरता प्रश्न आता उरला नव्हता. जमीन कोणाची, कारखाने कोणाचे, प्रांताच्या सीमा कोठून काढावयाच्या, असे प्रश्न उभे राहिले. आणि त्यांवर दोन सज्जन माणसांची दोन निरनिराळी मते असू शकतात, हे लोकांना दिसू लागले. त्या पहिल्याच निवडणुकीत घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबईतून पराभूत झाले आणि काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर निवडून आले. विद्वत्तेचे आणि कर्तृत्वाचे माप घ्यावयाचे असते, तर निकाल काय लागला असता, ते सांगण्याची गरज नाही. लोकांनी माप घेतलेच नाही. त्यांनी निशाणी पाहिली.

आता १९५७ च्या पुण्याकडे वळू. आमच्या समजुतीप्रमाणे या विषयाचा अभ्यास करणाऱ्याला इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणार नाही.

काळ कोणता होता, हे तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगितले पाहिजे. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला आणि मुंबईसह मराठी भाषिकांचे एक राज्य देण्याचे त्याने नाकारले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील, अशी घोषणा केली, आणि पुन्हा रक्त सांडले. हुतात्म्यांचा आकडा १०६ वर गेला. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. जुलै महिन्यात अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी याच प्रश्नावर मंत्रिपद सोडले. १ नोव्हेंबर १९५६ पासून गुजरात, मराठवाडा व विदर्भ यांसह मोठे द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले, आणि अवघ्या चार महिन्यांत निवडणूक येऊन ठेपली.

पुण्यातून काँग्रेसचे उमेदवार होते काकासाहेब गाडगीळ. नरहर विष्णु गाडगीळ हे नाव त्या वेळी पुण्यात कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. स्वातंत्र्याच्या चळवळीत अनेकदा तुरुंगवास भोगलेले. ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाने पुणे पेटलेले असताना केशवराव जेध्यांशी सख्य जोडून बहुजन समाजाला काँग्रेसमध्ये आणण्यात ज्यांचा मोठा वाटा. १९३४ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात बसलेले. १९४७ साली स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात ज्यांनी सार्वजनिक बांधकाम, खाणी व वीज ही खाती सांभाळली. सोमनाथाच्या भग्न मंदिरासमोर सरदार पटेलांच्या सोबत उभे असलेले मंत्री तेच. त्यांच्या पदरी पैशाच्या गैरव्यवहाराचा डाग नव्हता. आणि सर्वांत विशेष गोष्ट अशी की, मुंबई महाराष्ट्रालाच मिळाली पाहिजे, असे लोकसभेत आपल्याच पक्षाच्या सरकारला त्यांनी अत्यंत कठोर शब्दांत ऐकवले होते.

त्यांच्यासमोर समितीच्या वतीने उभे होते प्रजासमाजवादी पक्षाचे नारायण गणेश ऊर्फ नानासाहेब गोरे. यांच्याही चारित्र्याला बोट लावण्यास जागा नव्हती. १८ मे १९५५ रोजी गोव्यात शिरलेल्या सत्याग्रहींच्या तुकडीचे ते नेते. पोर्तुगीज शिपायांनी त्यांना अमानुष मारहाण केली, दहा वर्षांची सजा ठोठावली आणि आग्वादच्या किल्ल्यात डांबले. १९५७ च्या फेब्रुवारीत सुटका झाली, ती जवळजवळ निवडणुकीच्या तोंडावर.

आता वाचकांनी लक्षात घ्यावे की, दोघेही सुशिक्षित, दोघेही त्यागी, दोघेही तुरुंग पाहिलेले, दोघेही उत्तम वक्ते आणि उत्तम लेखक. जातीचा प्रश्न काढू म्हणाल, तर तोही निघत नव्हता, कारण दोघेही ब्राह्मण. फार कशाला, मुंबईच्या प्रश्नावर दोघांचे वैयक्तिक मतही एकच! तराजूच्या दोन्ही पारड्यांतून इतके सारे समान काढून टाकल्यावर उरले काय? उरली ती निशाणी. त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे, तिच्यावर त्याची निशाणी चिकटवलेली असे, आणि मतदाराने आडोशाला जाऊन आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकावयाची. आडोशात काकासाहेब नव्हते आणि नानासाहेबही नव्हते. तेथे होती बैलजोडी. आणि बैलजोडी म्हणजे द्वैभाषिक. काकासाहेब मोठ्या संख्येने स्वतःला मानणाऱ्या त्याच पुण्यात पराभूत झाले.

आमचे वडील त्या वेळी पुण्यास एका कापड दुकानाच्या ओट्यावर मशीन घेऊन बसत असत. त्यांचे मत गोऱ्यांना पडले होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही; परंतु काकासाहेबांचे नाव निघाले की, ते हातातले काम क्षणभर थांबवीत. एकदा आम्ही त्यांना विचारले की, इतका आदर होता तर मत का दिले नाही? ते म्हणाले, "कापड चोख होतं रे, पण बेतायची कात्री दुसऱ्याच्या हातात होती." आपल्या धंद्यातल्या माणसाला याहून अधिक फोड करून सांगावे लागू नये. काकासाहेब लोकसभेत गेले असते, तर पुन्हा तसेच कठोर भाषण त्यांनी केले असते, याबद्दल शंका नाही. पण मतदानाची घंटा वाजल्यावर त्यांचा हात पक्षाच्या आज्ञेने वर गेला असता. पुणेकरांनी भाषणाला मत दिले नाही, हाताला दिले.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. त्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे भलेभले आडवे झाले, पण कराडला यशवंतराव चव्हाण तगले. मताधिक्य थोडे, पण तगले खरे. ते तर द्वैभाषिकाचे मुख्यमंत्रीच होते. धोरणाचा सर्वांत मोठा राग त्यांच्यावर निघावयास हवा होता. आपल्या गावच्या माणसाची वर्षानुवर्षांची ओळख तेथे लाटेला पुरून उरली, असे म्हणावे लागते. तेव्हा 'लोक नेहमी धोरणच पाहतात' असा सिद्धांत कोणी या निवडणुकीवरून काढू पाहील, तर कराड त्याच्या आड येईल.

पुण्याच्या निकालाचे फळ काय झाले, ते सर्वांस ठाऊक आहे. समितीच्या विजयाने द्वैभाषिक टिकणार नाही, हे दिल्लीस दिसले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. काकासाहेबांना १९५८ मध्ये पंजाबचे राज्यपाल म्हणून पाठविण्यात आले. श्रीसंत नामदेव महाराजांचे घुमान ज्या प्रांतात आहे, त्याच प्रांतात. १९६२ पर्यंत ते तेथे होते. पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले आणि १९६६ मध्ये ते वारले. मतदारांनी त्यांना नाकारले, अपमानित केले नाही. हा भेद आज फारसा पाळला जात नाही, म्हणून मुद्दाम नोंदवितो.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटला. शील दोन्हीकडे सारखेच धरावे आणि धोरण पाहून मत द्यावे. पाचच वर्षांनी उत्तर मुंबईत जे घडले, ते पाहिले म्हणजे हे उत्तर इतके सोपे वाटत नाही.

१९६२ च्या फेब्रुवारीत उत्तर मुंबईतून काँग्रेसतर्फे संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन उभे होते आणि त्यांच्याविरुद्ध आचार्य जे. बी. कृपलानी. कृपलानी म्हणजे १९१७ च्या चंपारणपासूनचे गांधीजींचे सोबती, १९४६-४७ चे काँग्रेसचे अध्यक्ष, पुढे पक्षाशी पटेना म्हणून अध्यक्षपद आणि अखेर पक्षही सोडणारे. अंगावर खादी, जिभेवर धार आणि खिशात काही नाही, असा हा माणूस. मेनन यांची गोष्ट निराळी. ते लंडनला उच्चायुक्त असताना १९४८ साली झालेल्या जीपगाड्यांच्या खरेदीचे प्रकरण वर्षानुवर्षे गाजत राहिले. १९५५ मध्ये सरकारने ते मिटल्याचे जाहीर केले आणि लगेच पुढच्या वर्षी मेनन मंत्रिमंडळात आले. परंतु १९५७ च्या जानेवारीत काश्मीरच्या प्रश्नावर सुरक्षा समितीत त्यांनी जवळजवळ आठ तास भाषण केले, तेव्हा ते देशाचे लाडके झाले. इतके की, समितीच्या लाटेतही उत्तर मुंबईने त्यांना निवडून दिले होते. १९६२ च्या निवडणुकीआधी दोनच महिने, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला होता आणि संरक्षणमंत्री मेननच होते.

लढत सरळ दिसत होती : एकीकडे शील, दुसरीकडे धोरण. पंडित नेहरू स्वतः प्रचारास आले आणि मेनन यांना विरोध म्हणजे आपल्या धोरणाला विरोध, अशी त्यांनी ती निवडणूक मांडली. दिलीपकुमारसारखे नट मेनन यांच्यासाठी सभा घेत हिंडले. कम्युनिस्टांचाही त्यांना पाठिंबा. कृपलानींच्या पाठीशी कोण? प्रजासमाजवादी, स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ. एकाला कारखाने सरकारचे व्हावेत असे वाटे, दुसऱ्याला सरकारने कारखान्यांतून हात काढावा असे वाटे, आणि तिसऱ्याचे लक्ष या दोन्ही गोष्टींपेक्षा निराळीकडेच. आचार्यांच्या शीलाबद्दल कोणाचाच वाद नव्हता, पण ते निवडून आल्यावर काय करणार, हे त्यांच्या तीन पाठीराख्यांना विचारले असते, तर तीन उत्तरे मिळाली असती. मतदारांनी धोरण असलेल्या बाजूस कौल दिला. मेनन सुमारे १ लाख ४५ हजार मतांच्या आधिक्याने विजयी झाले.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. सीमेवर थंडीच्या कपड्यांवाचून आणि पुरेशा दारूगोळ्यावाचून उभे असलेल्या जवानांच्या हकिगती देशभर पसरल्या. ७ नोव्हेंबरला मेनन यांना मंत्रिमंडळाबाहेर जावे लागले. प्रचंड मताधिक्याला नऊ महिनेही लोटले नव्हते. त्यांची जागा घेण्यासाठी कराडच्या त्याच यशवंतरावांना दिल्लीने बोलावून घेतले.

'पाहा, शीलाला नाकारले म्हणून हे झाले,' असा निष्कर्ष त्या वेळी पुष्कळांनी काढला. आम्हाला तो तितकासा मान्य नाही. कृपलानी खासदार झाले असते, म्हणून सीमेवर एकही उबदार कोट अधिक पोहोचला नसता. खरी चूक आमच्या मते निराळीच होती. कृपलानींनी ११ एप्रिल १९६१ रोजी लोकसभेत मेनन यांच्यावर जो हल्ला चढविला, तो त्यांच्या खाजगी वर्तनावर नव्हता. सैन्यात गट पाडले जात आहेत, अधिकाऱ्यांचे धैर्य खचत आहे, पैसा वाया जात आहे, असा तो आरोप होता. त्याआधी १९५९ मध्ये सरसेनापती जनरल थिमय्या यांनी मेनन यांच्याशी न पटल्यामुळे राजीनामा दिला होता. नेहरूंनी तो परत घ्यावयास लावला. म्हणजे प्रश्न मेनन यांच्या कारभाराचा होता. हाताखालच्या अनुभवी माणसाचे नको असलेले बोल ऐकून घेण्याची तयारी आहे की नाही, हा शीलाचाच भाग आहे. किंबहुना सत्तेवर बसलेल्याच्या बाबतीत तो मोठा भाग आहे. पण प्रचाराच्या धामधुमीत हा प्रश्न खाजगी द्वेषाच्या खात्यावर जमा झाला. एका बाजूने 'साधू आचार्य' आणि दुसऱ्या बाजूने 'पुरोगामी मेनन' अशी दोन चित्रे रंगविली गेली. संरक्षणखाते कसे चालले आहे, हे तिसरे चित्र कोणी पाहिलेच नाही. मतदारांना शील आणि धोरण यांतून एकाची निवड करावयास सांगण्यात आले आणि ज्या ठिकाणी ती दोन्ही एकत्र येतात, नेमकी तीच जागा झाकली गेली.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. १९६७ मध्ये काँग्रेसने मेनन यांना मुंबईतून तिकीट नाकारले. पक्ष सोडून ते ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले. काँग्रेसने स. गो. बर्वे यांना उभे केले, आय. सी. एस. मधले नावाजलेले अधिकारी, १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर उद्ध्वस्त पुणे ज्यांनी उभे केले ते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने 'मराठी माणूस' म्हणून त्यांचा प्रचार केला. बर्वे निवडून आले, परंतु लवकरच त्यांचे निधन झाले आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांनी मेनन यांना पुन्हा हरविले. बर्वे यांना मते पडली ती त्यांच्या कारभाराकडे पाहून की आडनावाकडे पाहून, हे आज कोणालाही वेगळे काढून दाखविता येणार नाही. शील आणि धोरण यांच्या वादात 'आपला' हा तिसरा भिडू शिरला, की हिशेब असा अडकतो.

या तिसऱ्या भिडूबद्दल आमच्याही पदरी एक हिशेब शिल्लक आहे आणि तो या पानांवर मांडणे आम्ही कर्तव्य समजतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या गावी नगरपालिकेची निवडणूक होती. आपल्या ज्ञातीचे एक गृहस्थ एका पक्षाच्या तिकिटावर उभे होते. निर्व्यसनी, देवभीरू, मंडळाच्या प्रत्येक कार्यात पुढे. आम्ही त्या वेळी मंडळाचे सहचिटणीस होतो. ज्ञातीचे एकगठ्ठा मत त्यांना द्यावे, असे पत्रक मंडळाने काढले. त्याचा मसुदा आमच्या हातचा आणि खाली सहीही आमची. गृहस्थ निवडून आले. दीड-दोन वर्षांनी बाजारपेठेचा रस्ता रुंद करण्याचा ठराव आला. दुकानांच्या ओट्यांवर मशीन टाकून बसणारे सतरा शिंपी त्यामुळे उठणार होते, आणि पर्यायी जागेचा ठरावात उल्लेख नव्हता. आपल्या नगरसेवकांनी ठरावाच्या बाजूने हात वर केला. दुसऱ्या दिवशी ते आमच्या घरी आले आणि पक्षाचा आदेश होता, दुसरा इलाज नव्हता, असे सरळ सांगून गेले. त्यांनी कोणाचा एक पैसाही घेतला नव्हता, हे आम्ही आजही छातीठोकपणे सांगू. रस्ता रुंद होणे जरूर होते, हेही आम्हाला नाकबूल नाही. त्या बोळातून आजाऱ्याला घेऊन जाणारी गाडी जात नसे. पण जागेचा प्रश्न निवडणुकीपूर्वी विचारता आला असता. उठविलेल्यांपैकी एका वृद्धाने आम्हाला विचारले, "गुरुजी, कागद वाटलात तेव्हा याचं काय ते त्याला विचारलं होतंत का?" आम्ही विचारले नव्हते. तो आपला आणि भला आहे, एवढे आम्हाला पुरले होते. ओट्यावर बसून आयुष्य काढलेल्या आणि पुण्याची निवडणूक समजावून सांगणाऱ्या बापाच्या मुलाकडून हे घडले, याचे आम्हाला अधिक वाईट वाटते.

त्या नगरसेवकांची अडचण खोटी नव्हती. १९५७ मध्ये काकासाहेबांना जे बंधन शिस्तीचे होते, ते १९८५ पासून कायद्याचे झाले आहे. त्या वर्षी घटनेची ५२ वी दुरुस्ती होऊन दहावे परिशिष्ट जोडले गेले आणि पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणाऱ्या आमदार-खासदाराचे पदच जाऊ लागले. महाराष्ट्रात नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांच्या सभासदांसाठीही तसा कायदा १९८६ चा आहे. म्हणजे आज आपण ज्याला मत देतो, त्याची कात्री कायद्यानेच पक्षाच्या हाती दिलेली असते. या दृष्टीने पाहिले, तर धोरणाचे वजन वाढले असेच म्हणावे लागेल. पण १९८५ च्या कायद्यात मूळच्या एकतृतीयांश फुटीची वाट होती. ती २००३ मध्ये बंद झाली, तरी इतर वाटा शोधणारे शोधतातच. २०२२ आणि २०२३ मध्ये आपल्याच राज्यात दोन पक्ष दुभंगले आणि एका निशाणीवर मत दिलेल्या लाखो लोकांना आपले मत नेमके कोठे गेले, असा प्रश्न पडला. त्यांत कोण बरोबर, हा वाद या स्मरणिकेत नको. तेव्हा धोरण पाहून मत द्यावे म्हटले, तर ते धोरण घेऊन उमेदवार निवडणुकीनंतर कोठे उभा राहील, हे पुन्हा त्याच्या शीलावरच येऊन ठेपते. १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी राजीनामा दिला, तेव्हा मंत्रिपदापेक्षा शब्द मोठा मानला. या जातीचे शील मतदाराच्या उपयोगाचे.

उमेदवाराची माहिती आता पूर्वीपेक्षा सुलभ झाली आहे, हेही सांगितले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांमुळे विधानसभा-लोकसभेच्या प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील फौजदारी खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागते. उत्तरमेरूरच्या चाळणीचा हा आधुनिक अवतार म्हणावयास हरकत नाही. फरक इतकाच की, तेथे हिशेब न देणारा अपात्र ठरे आणि येथे खटल्यांची यादी देऊनही तो पात्रच राहतो. २०१३ च्या निकालानंतर दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेला लोकप्रतिनिधी तत्काळ अपात्र होतो खरा, पण खटला चालू आहे तोवर निवड करावयाची ती आपणच. ही प्रतिज्ञापत्रे कोणालाही पाहता येतात. आपल्या मंडळात त्यांचे कधी वाचन झाल्याचे आम्हाला तरी आठवत नाही.

येऊ घातलेल्या ठरावाला आम्ही एक उपसूचना मांडणार आहोत. ज्ञातीचा असो वा नसो, प्रत्येक प्रमुख उमेदवारास मंडळाच्या सभागृहात बोलवावे. त्याचे प्रतिज्ञापत्र असल्यास ते सभासदांपुढे वाचावे. आपल्या धंद्याशी आणि गावाशी संबंध असलेल्या पाच प्रश्नांची उत्तरे त्याच्याकडून लेखी घ्यावीत आणि ती फलकावर लावावीत. पक्षाचा आदेश या उत्तरांच्या उलट आला तर तो काय करील, हा सहावा प्रश्न. मंडळाने कोणाच्याही नावे पत्रक काढू नये. काही तरुण सभासदांनी यावर असा आक्षेप घेतला आहे की, इतर ज्ञाती आपापल्या माणसासाठी एक होत असताना आपण प्रश्नपत्रिका काढीत बसलो, तर आपला माणूस कधीच निवडून येणार नाही. आक्षेप पोकळ नाही. आपला समाज संख्येने लहान, गावोगाव विखुरलेला. एकगठ्ठा मताची भाषा सोडली, तर आपल्याला विचारणार कोण, ही भीती आम्हालाही वाटते. तिचे पुरते उत्तर आमच्यापाशी नाही. सतरा मशीनवाल्यांनाही कोणी विचारले नव्हते, आणि तेव्हा तर आपला माणूस निवडून आलेला होता, एवढेच आम्ही सांगू शकतो.

आमच्या सहीच्या त्या जुन्या पत्रकाची एक प्रत आम्ही मंडळाच्या दप्तरी ठेवण्यास चिटणिसांच्या स्वाधीन केली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी कार्यालयात मागावी. उपसूचनेला अनुमोदक अद्याप मिळालेला नाही. जे सभासद अनुमोदन देण्यास तयार असतील, त्यांनी सभेपूर्वी आम्हाला कळविण्याची कृपा करावी.